पुण्यश्लोक अहिल्याबाई : उदकदानाचे व्रत

॥ श्रीविठ्ठल-रुक्मिणी प्रसन्न ॥

यंदा चैत्रात नरडाण्यास आमची कीर्तने झाली. पुढे वैशाखात अमळनेरास, बोरीच्या वाळवंटात श्रीसखाराम महाराजांच्या यात्रेस जावयाचे होते, म्हणून मधले चार दिवस आम्ही तेथेच राहिलो. गाव हमरस्त्यावरचे. मुंबईहून आग्र्यास जाणारा रस्ता धुळे, सोनगीर, नरडाणा करीत सावळद्याच्या पुलावर तापीमाई ओलांडतो आणि शिरपुराहून सातपुड्यात शिरतो. रस्त्यावर मोटारींची रांग अहोरात्र तुटत नाही. पण त्या रस्त्यापासून आत दोन-चार कोस गेले की चैत्र-वैशाखात निराळेच दर्शन घडते. विहिरीचा तळ उघडा पडलेला, टँकरची वाट पाहत ओळीने ठेवलेले हंडे, आणि हंड्यांच्या सावलीला बसलेली पोरे. एका वस्तीवर आम्हांला भिक्षेचे आमंत्रण होते. हात धुवावयास घरच्या माउलीने तांब्याभर पाणी पुढे केले. तो तांब्या हाती घेताना आमचे मन चरकले. त्या घरचे त्या दिवसाचे पाणी किती, हे आम्ही नुकतेच दारातल्या हंड्यांवरून मोजले होते.

त्या वस्तीबाहेर एक जुनी दगडी बारव आहे. कोणाची म्हणून विचारले, तर एका म्हाताऱ्या आजीबाईंनी हात जोडून अहिल्याबाईंची म्हणून सांगितले. खानदेशात काय, साऱ्या महाराष्ट्रात हाच अनुभव. जुनी बांधीव विहीर दिसली की लोक ती अहिल्याबाईंची म्हणतात. पुष्कळ बारवा त्यांच्याही आधी चार-पाचशे वर्षे, यादवांच्या काळी बांधलेल्या आहेत. पण ज्याने पाणी पाजले त्याचे नाव अहिल्याबाईच असले पाहिजे, असे लोकांच्या मनाने ठरवून टाकले आहे. राजे कितीएक झाले. असा मान किती जणांस मिळाला? म्हणून या मासी त्या साध्वीचे चरित्र वाचकांच्या सेवेस सादर करावे असे आम्ही योजिले.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ या दिवशी चौंडी गावी झाला. चौंडी जामखेड तालुक्यात, पूर्वीच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. मुलीस त्यांनी अक्षरओळख करून दिली. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हे. मुलूख अवर्षणाचा. पाणी म्हणजे काय, हे चौंडीच्या मुलीला पोथीतून शिकावे लागले नाही.

सासर मिळाले होळकरांचे. सासरे मल्हारराव हे नीरेकाठच्या होळ गावचे, जन्म १६९३ चा. लहानपणी वडील वारले आणि आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्यास आपले बंधू भोजराज बारगळ यांच्याकडे आली. तेथे मामांची मेंढरे राखीत मल्हारराव वाढले. पुढे घोड्यावर बसले आणि पराक्रमाने माळव्याचे सुभेदार झाले. मामांची कन्या गौतमाबाई त्यांची पत्नी झाली. म्हणजे अहिल्याबाईंच्या सासूबाई आपल्या खानदेशच्या लेकी! ज्या घराचा मूळ पुरुष मेंढरामागे हिंडला, त्या घराला पाणवठा कोठे आहे आणि तो कोणत्या महिन्यात आटतो हे वेगळे सांगावे लागत नाही. मेंढपाळाचे सारे जीवित पाण्यामागे चालते.

१७३३ साली मल्हाररावांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी अहिल्याबाईंचा विवाह झाला. पुत्र मालेराव आणि कन्या मुक्ताबाई अशी दोन अपत्ये झाली. सासऱ्यांनी सुनेला लेकीसारखे वागविले. वसुलाचे हिशेब, तोफखान्याची तजवीज, पत्रव्यवहार, सारे हळूहळू तिच्या हाती दिले. पण प्रारब्धाचा फेरा कोणास चुकला? १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या. तेव्हा वृद्ध मल्हाररावांनी डोळ्यांत पाणी आणून त्यांना परावृत्त केले. आता माझा मुलगा तूच, असे विनविले. त्या थांबल्या. त्या दिवशी एक चिता विझली आणि पुढे कितीएक तहानलेल्यांचा आधार वाचला, असेच म्हटले पाहिजे.

१७६६ साली मल्हारराव गेले. गादीवर बसलेले मालेराव वर्षाच्या आत, १७६७ साली वारले. घरात कर्ता पुरुष नाही हे पाहून दौलत गिळावयास लोक टपले. राघोबादादा फौज घेऊन निघाले. बाईंनी त्यांना निरोप धाडला की, आपण जिंकलात तर एका बाईला जिंकल्याची कीर्ती होईल, आणि हरलात तर तोंड दाखवावयास जागा राहणार नाही. याचा विचार करून यावे. दादासाहेबांचा बेत जागच्या जागी जिरला. थोरल्या माधवरावांनी बाईंचा अधिकार मान्य केला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे राहिले आणि मुलकी कारभार बाईंनी स्वतः पाहिला. नर्मदाकाठी महेश्वर ही राजधानी केली. तेथून पुढे १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षे, हे राज्य चालले.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. होळकरांचे द्रव्य दोन प्रकारचे होते : एक दौलतीचे आणि दुसरे खासगीचे. खासगी म्हणजे घरच्या स्त्रियांच्या नावे लावून दिलेल्या गावांचे उत्पन्न. मल्हाररावांच्या पश्चात खासगीचा जो मोठा साठा हाती आला, त्यावर बाईंनी ब्राह्मणाकरवी यथाविधि तुळशीपत्र ठेवून उदक सोडले, अशी कथा सांगतात. ज्यावर उदक सोडले ते आपले राहिले नाही. ते धर्माचे झाले. आपण बोलताना सहज म्हणतो, अमुक पैशावर उदक सोडले, म्हणजे गेले ते. बाईंच्या हातून सोडलेले उदक मात्र खरोखर उदक होऊन गावोगाव वर आले. विहिरी झाल्या, बारवा झाल्या, कुंडे, घाट, धर्मशाळा झाल्या.

त्यांच्या बांधकामांची यादी मोठी आहे. काशीस विश्वनाथाचे देवालय १७८० साली उभे राहिले. तेथे मणिकर्णिकेचा घाट बांधला. सोमनाथास १७८३ साली नवे मंदिर झाले. गयेस विष्णुपदाचे देवालय १७८७ चे. वेरुळास घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार आणि शिवालय तीर्थाच्या दगडी पायऱ्या त्यांच्याच. आपल्या पंढरीत होळकरांचा वाडा आणि त्यातील राममंदिर वारकऱ्यांनी पाहिलेलेच आहे. चांदवडचा रंगमहाल आणि त्यातील विहीर आग्रा रस्त्याने जाणाऱ्यास आजही पाहता येते. हा चांदवड, आमच्या तापीकाठचे थाळनेर आणि घाटावरचा सेंधवा, ही ठाणी १८१८ च्या तहापर्यंत होळकरांच्याच ताब्यात होती. महेश्वराहून दक्षिणेत येणारा सांडणीस्वार, व्यापारी, यात्रेकरू, सारे सेंधव्याचा घाट उतरून याच पट्ट्यातून तापीवर येत. नरडाण्याच्या रस्त्यास अहिल्याबाई परक्या नव्हेत.

पण आम्हांस देवळांहून दुसऱ्याच गोष्टींचे नवल वाटते. १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहणारा इंग्रज अधिकारी माल्कम याने जुन्या माणसांस विचारून बाईंची हकीकत गोळा केली आणि १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिली. तो परधर्मी, जिंकणारा. त्याला स्तुतीची काय गरज? तरी तो लिहितो की, उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी पाजण्यास बाईंनी माणसे नेमलेली असत. आणि महेश्वराच्या आसपास भर दुपारी नांगराला जुंपलेले बैल थांबवून त्यांना पाणी पाजीत. ते पाणी घेऊन बाईंचा नोकर शेतावर येई. पाखरांसाठी उभ्या पिकाची शेते विकत घेऊन मोकळी सोडली होती. नर्मदेतल्या माशांनाही खाणे जाई.

सज्जनहो, याचा विचार करा. बैल मते देत नाही, बैल शिलालेख वाचीत नाही, बैल कोणाचा पोवाडा गात नाही. त्याच्यापर्यंत दुपारच्या बारा वाजता पाणी पोचविण्याची आठवण ज्या राजमातेला राहते, तिचे भूतदयेचे ज्ञान पोथीतले नव्हे. याच बाई दूर दक्षिणेतील देवस्थानांना गंगोदक पाठवीत असत. नाथमहाराजांनी रामेश्वराची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा आम्ही शेकडो वेळा लाविली असेल. बाईंच्या घरी कावड देवालाही गेली आणि पाणी बैलालाही गेले. दोन्ही एकाच खात्यावर पडले.

याहून एक मर्म आहे. बाईंनी विहीर खणून नारळ फोडला आणि विसरल्या, असे केले नाही. देवालय बांधले तर त्याची पूजा, धर्मशाळा बांधली तर तिचा झाडलोट करणारा, अन्नछत्र घातले तर त्याचे धान्य, याची नेमणूक खासगीतून लावून दिली. बांधणे एका दिवसाचे काम, चालविणे नित्याचे. नेम हा शब्द वारकऱ्याला समजतो. एक वारी कोणीही करील. दरसालची वारी करणे कठीण.

त्यांचा स्वतःचा नेमही तसाच होता. पहाटेपूर्वी उठणे, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे निरामिष भोजन. दुपारी दरबारात उघड्यावर बसून संध्याकाळपर्यंत कोणाचीही फिर्याद स्वतः ऐकणे. सायंपूजेनंतर पुन्हा रात्री उशिरापर्यंत कामकाज. अंगावर पांढरे वस्त्र, दागिना नाममात्र. खरगोणच्या दोन सावकार भावांच्या निपुत्रिक विधवांनी आपली सारी संपत्ती बाईंना देऊ केली. सरकारजमा करून घेण्याचा तो काळ! बाईंनी ती घेतली नाही. लोकांच्या उपयोगी लावा, असे सुचविले. त्यातून कुंदा नदीला घाट झाला आणि एक देऊळ झाले.

सातपुड्यातल्या वाटेवर भिल्लांची लुटालूट होती. प्रथम गोडीने सांगून पाहिले, मग कठोर शासनही केले. ते लपविण्याचे कारण नाही. पण अखेर टिकला तो तिसरा उपाय. डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिल्लांचा थोडा हक्क मान्य केला, पडीक जमीन कसावयास दिली, आणि वाटेच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. वाट निर्धास्त झाली. जो उपाशी-तहानेला आहे त्याच्यापुढे नुसता दंड चालत नाही, हे त्या जाणत होत्या.

घरात मात्र दुःखाला खळ नव्हता. मुक्ताबाईंचा एकुलता मुलगा १७९० साली वारला. पुढल्याच वर्षी जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती निघाल्या. जिने स्वतः सासऱ्यांच्या विनवणीने चिता नाकारली होती, त्या आईने लेकीच्या पायांवर पडून विनवणी केली. पण ती थांबली नाही. नर्मदेच्या काठी आईच्या डोळ्यांदेखत ती गेली. बाई तीन दिवस अन्नपाण्याविना होत्या असे सांगतात. पुढे पुन्हा दरबारात बसल्या, आणि रस्त्यांवरच्या पाणक्यांची नेमणूक चालू राहिली. शके १७१७ श्रावण वद्य चतुर्दशीस, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तर वर्षांच्या होऊन त्या महेश्वरी कैलासवासी झाल्या.

एवढे चरित्र सांगून थांबलो असतो. पण ज्या बारवेपुढे उभे राहून हा लेख सुचला, तिने आम्हांला आमची एक चूक आठवून दिली. ती सांगितल्याशिवाय लेखणी ठेवणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते.

चाळीस वर्षे होत आली. पाठशाळेतून नुकतेच बाहेर पडलो होतो. डोक्यात व्याकरण आणि गळ्यात वीणा, त्यामुळे आपल्याला सारे कळते असा भ्रम होता. एका आडगावी आम्ही सप्ताहास होतो. गावास एकच पायऱ्यांची बारव, आणि गावात नारूचा रोग. नारू म्हणजे पायातून निघणारा हातभर लांब दोऱ्यासारखा किडा. आजच्या तरुणांनी तो पाहिलेला नाही, हे त्यांचे भाग्य. आरोग्यखात्याचा एक साधा नोकर तेथे आला होता. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, पाय पाण्यात बुडवू नका, बारवेत औषध टाकू द्या, असे तो घरोघर सांगे. रात्री कीर्तनात आम्ही त्याची थट्टा केली. ही बारव अहिल्यामातेची, म्हणजे तीर्थ. तीर्थाला कसला दोष, आणि त्यात औषध टाकणारे हे कोण? लोक हसले. दुसऱ्या दिवशी त्याला कोणी बारवेवर जाऊ दिले नाही.

पुढल्या वर्षी त्याच सुमारास पुन्हा त्या गावी गेलो. आमचे यजमान, ज्यांनी आपली गादी आम्हांस दिली होती, ते ओसरीवर पाय ताणून पडलेले. घोट्यातून नारू निघाला होता, आणि काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढून काढीत होते. पेरणी तोंडावर. औतामागे चौदा वर्षांचा मुलगा. यजमान आम्हांस एका शब्दाने बोलले नाहीत. उठता येत नाही म्हणून पडल्या जागीच हात जोडले. त्या नमस्काराने आमची जी पूजा झाली, ती आजवर विसरलो नाही.

मागाहून आम्ही समजून घेतले. पायात नारू असलेला मनुष्य बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो, तेव्हा त्या फोडातून किड्याची अगणित पिले पाण्यात पडतात. पाण्यातले डोळ्यांस जेमतेम दिसणारे बारीक जीव ती गिळतात. ते पाणी न गाळता जो पितो, त्याच्या पोटी तो किडा वाढतो आणि सुमारे वर्षाने पायातून बाहेर निघतो. म्हणजे त्या वर्षीच्या आमच्या कीर्तनाचे फळ पुढल्या वर्षी हाती आले. पाणी उन्हाळ्यात खाली खाली जाते, म्हणून माणसाला पाण्यापर्यंत उतरता यावे यासाठी बारवेच्या पायऱ्या, योजना दयेचीच. त्याच पायऱ्यांनी रोगही उतरला. पुढे त्या गावाने पायऱ्यांची वाट भिंत घालून बंद केली, वर कठडा बांधला, रहाट बसवला. बारवेचा आड झाला आणि रोग हटला. देशभर असेच झाले : पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, पाणी गाळले, हातपंप बसवले. १९९६ साली भारतात नारूचा शेवटचा रोगी आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. ज्या साध्या नोकरांची आम्ही थट्टा केली, त्यांनी हे पुण्य जोडले.

शास्त्र आमच्या बाजूस होते काय? मुळीच नव्हते, आम्हीच ते अर्धे वाचले होते. शास्त्रात इष्ट आणि पूर्त असे धर्माचे दोन भाग सांगितले आहेत. यज्ञयाग ते इष्ट. विहिरी, तळी, बागा, देवालये, अन्नदान ते पूर्त. आणि विष्णुस्मृतीत स्पष्ट सांगितले आहे की, विहीर, बाग, तळे किंवा देवालय पडझड झाल्यावर जो पुन्हा नीट करतो, त्याला मूळ बांधणाऱ्याइतकेच फळ मिळते. आम्ही पाठशाळेत हे घोकले होते. पण गाळाने भरलेल्या, किडीने बिघडलेल्या बारवेला ते लावून पाहिले नाही. कठडा बांधणारा गवंडी आणि गाळ उपसणारा गडी हे अहिल्याबाईंच्या पंक्तीला बसतात, असा त्या वचनाचा अर्थ आहे.

नरडाण्याच्या परिसरात आज रहाटही थांबले. खाली काळा पाषाण. तो स्वतः पाणी धरीत नाही, त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जेवढे मुरेल तेवढेच. बोअर खोल खोल गेल्या तसे ते मुरलेले पाणीही तळास गेले. शेजारच्या शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले खोल-रुंद करून, बांध घालून पावसाचे पाणी जमिनीत जिरविण्याचे काम झाले, पाहण्यासारखे आहे. २०१९ पासून घरोघर नळ देण्याची सरकारी योजनाही आली. नळ आला तर आनंदच. पण नळाच्या तोटीमागे विहीर असते, विहिरीमागे झरा असतो, आणि झऱ्यामागे कोणाची तरी नित्य काळजी असावी लागते. ती नेमणूक कोण लावणार?

एका पंडिताने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून त्यांना ऐकविला. त्यांनी तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकला, आपण एवढ्या योग्यतेच्या नाही असे म्हटले, आणि ग्रंथ नर्मदेत सोडावयास सांगितला. आमच्या या लेखाची गती त्याहून वेगळी व्हावी असे आम्हांस वाटत नाही. स्तुतीपेक्षा त्यांना काय आवडेल, ते आम्ही नरडाण्याच्या शेवटच्या कीर्तनात मागितले. त्या वस्तीच्या बारवेतला गाळ काढावा, काठ बांधून घ्यावा, गुरांसाठी बाहेर निराळी डोण करावी, आणि पाणी तपासून मगच ते पिण्यास घ्यावे. आम्हांस मिळालेली बिदागी आम्ही त्या कामी ठेवली. काल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बारा तरुण फावडी आणि घमेली घेऊन बारवेवर आले. साठी उलटलेल्या आम्ही चार पायऱ्या उतरून दोन घमेली गाळ वर दिला. कंबर दुखली, पण त्या ओसरीवरच्या नमस्काराचे ओझे थोडे हलके झाले.

वारीला निघताना आम्ही आता पडशीत टाळांबरोबर एक स्वच्छ दुहेरी फडके ठेवतो. भाविक वाचकांनीही ठेवावे. आणि आपल्या गावची जुनी बारव ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी आषाढापूर्वी एकदा तिच्यात डोकावून यावे.

रामकृष्णहरि.